बांधावरची जाळी

नवशाने कोयता उगारला तेवढ्यात त्याची आई बाईजा घरातून धावत आली. हात नाचणीच्या पिठाने भरलेले, पदर खांद्यावरून सुटलेला.

"जाळीला हात लावायचा नाय," ती म्हणाली.

घरामागच्या बांधावरची करवंदीची जाळी ती. कोणी लावली नव्हती, कोणी राखलीही नव्हती. पण यंदाची गोष्ट वेगळी होती. तिकडे साहेबाची लढाई चालू होती, कोळशाला भाव आला होता आणि इकडे धसई गावाच्या वरचं रान कोळशाच्या ठेकेदाराने घेतलं होतं. त्याचे राखणदार एक फांदी नेऊ देत नव्हते. राबावर, म्हणजे रोपाच्या वाफ्यावर, टहाळ पसरून पेटवल्याशिवाय भाताचं रोप जोमाने उठत नाही, आणि रोप नाही तर वर्षभर पेज कशाची प्यायची? राब अर्धा उघडा पडला होता आणि एवढी पाल्याने भरलेली जाळी डोळ्यांसमोर उभी होती.

"का नाय लावायचा?" नवशाच्या बापाने, राघोने विचारलं.

"आत हडळ हाय."

"गेल्या साली सर्प बोललीस."

"सर्पपण हाय."

नवी सून लहानी बांधाशी उभी होती. तिला आधी हसू आलं, मग नवल वाटलं. तिची सासू बोलायची कमी आणि खरं. शेजारच्या गोजरला 'तुझी वांगी किडकी' म्हणून तोंडावर सांगणारी बाई, आणि एका झुडपासाठी दोन दोन थापा मारते?

लग्न होऊन आल्यावर लहानीने सगळ्यांना त्या जाळीबद्दल विचारलं होतं, कारण तिला विचारायची खोडच होती. राघो म्हणाला, फुकटचं कुंपण. नवशाला लहानपणची करवंदं आठवली. गोजर म्हणाली, धुणं टाकायला बरी. बाईजा एवढंच म्हणाली, "जाळी ती जाळी."

"भाकर खाऊन घेऊ, मग तोडू," राघो म्हणाला. "हडळीला पण जेवून घेऊ दे."

बाईजा आत गेली. जेवताना तिने नवशाच्या ताटात दोनदा मीठ वाढलं. लहानीने ते पाहिलं आणि तिला राहवेना. हात धुवायला म्हणून ती उठली आणि बांधाच्या पलीकडच्या बाजूने जाळीला वळसा घालून गेली.

ओहोळाकडे तोंड करून एक भगदाड होतं, कुत्रं शिरेल एवढं. लहानी शिरली. अंबाडा काट्याला अडकला, सोडवताना हात ओरबाडला. आत मात्र ऐसपैस गारवा होता.

खालची जमीन शेणाने सारवलेली होती. एका बाईला मांडी घालून बसता येईल, तेवढीच. पाचोळा झाडून कडेला लोटला होता. मधोमध पाच सागरगोटे होते, खेळून खेळून गुळगुळीत झालेले.

लहानी त्यांच्याकडे बघतच राहिली. 'वाळवण बघून येते' म्हणून दुपारची उठून जाणारी सासू तिला आठवली. तिचे स्वतःचे गोटे मुरबाडकडे, माहेरी, कोनाड्यात राहिले होते. सुनेला शोभत नाय, असं आय म्हणाली होती. लहानीने एक गोटा उचलून वर उडवला, झेलला आणि जागच्या जागी ठेवून दिला.

बाहेर नवशाचा आवाज आला. ती रांगत बाहेर पडली आणि वळसा घालून पुढे आली. नवशा कोयता घेऊन उभा होता, मागे राघो. बाईजा मागल्या दाराच्या चौकट धरून उभी होती.

"आत गेलतीस?" नवशाने विचारलं. "काय हाय?"

लहानीने सासूकडे पाहिलं.

"हडळ हाय," ती म्हणाली. "आणि सर्पपण."

"मग राबावर काय घालू?" राघो म्हणाला. "तुझी हडळ?"

"माळावरचा पाचोळा मी आणते, मामा. राब झाकेपर्यंत आणते."

"माळ काय जवळ हाय?"

"नाय. पण पाय हायत."

राघोने एकदा बायकोकडे, एकदा सुनेकडे पाहिलं, मग नवशाच्या हातातून कोयता काढून घेतला. एका बाईची हडळ त्याला पटली नव्हती, दोघींची पटली.

दुसऱ्या दिवशी लहानी पाटी घेऊन माळाच्या वाटेला लागली. चढ उभा, ऊन वरून. बाईजा दुसरी पाटी घेऊन तिच्या मागून निघाली. असं रोज चाललं. दोघींच्या माना अवघडल्या, पण राब झाकला गेला, आणि वैशाखात पेटला तेव्हा धूर पार धसईपर्यंत गेला.

त्यानंतरच्या एका दुपारी पुरुष ओटीवर आडवे झाले होते आणि सासू घरात नव्हती. लहानी जरा वेळ दारात घुटमळली, मग ओहोळाकडच्या बाजूला गेली.

भगदाडाच्या तोंडचे काटे कोणीतरी मोडून टाकले होते. या खेपेला अंबाडा अडकला नाही.

आतलं सारवण नुकतंच वाळलं होतं आणि आता दोघींपुरतं झालं होतं. बाईजा एका कडेला बसून गोटे उडवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"बस," ती म्हणाली. "पण आधी डाव माझा."