मूर्खाचा तुंबा

कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोकड पुन्हा हवेतून चालत गेला.

"याच्याबद्दल साल्तोच्या त्या दंतवैद्याने काय लिहिलंय, ऐक," मिल्तोन म्हणाला. "'एकाकी माणसाचं जनावरसुद्धा जमिनीला पारखं होतं.' घे! पारखं होतं म्हणे!" तो खुर्चीत मागे रेलून खदखदा हसला.

अनाई हसली नाही. त्या कड्यापाशी बोकडाच्या पायांखाली जमीन घालायची तिच्याकडून राहून गेली होती. एकाकीपणाचा त्यात काही संबंध नव्हता.

पायसांदू गावात, टायरच्या दुकानावरच्या खोलीत, दोघं तीन वर्षं एकच गेम बनवत होती. दीपस्तंभाचा रखवालदार, त्याचा बोकड, एक होडी आणि रोज पेटवायचा दिवा. गेम अर्धवट असतानाच ज्यांनी आगाऊ पैसे भरून तो घेतला, त्यांना मिल्तोन धर्मबाप म्हणायचा; साल्तोचा दंतवैद्य त्यांतलाच एक. शुक्रवारी तो सगळ्यांसाठी खुला व्हायचा होता. अनाईला अजून दोन महिने हवे होते. अनोळखी माणसं गेमला एकदाच संधी देतात. पहिल्याच आठवड्यात नाव खराब झालं, की पुढे कोणी फिरकत नाही.

"धर्मबाप खूश आहेत, म्हणून शुक्रवारचा हट्ट धरलायस?" ती म्हणाली.

"त्यांचं सोड गं. बारशाला ज्याने पोर हातात धरलं, तो म्हणेल का पोर तिरळं आहे म्हणून? पैसे भरून बसलेत ते. आता गेमला वाईट म्हणायचं तर आधी स्वतःला गाढव म्हणावं लागेल." मिल्तोनने भोपळ्याच्या पोकळ तुंब्यात येर्बाचा, चहासारखा प्यायचा पाला भरला, नळी खोचली आणि काखेतल्या थर्मासातून गरम पाणी ओतलं. "पहिला तुंबा मूर्खाचा. तो त्यांनी कधीच पिऊन टाकलाय."

पहिल्या पाण्याला येर्बा जहर कडू लागते, म्हणून पहिला तुंबा बनवणाऱ्यानेच संपवायचा असतो. पायसांदूतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण मिल्तोनचं लक्ष पडद्याकडे होतं. बोलण्याच्या भरात तुंबा त्याने अनाईच्या हातात दिला. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, तुंबा न पिता टेबलाच्या कडेला ठेवला आणि विचारलं, "आणि विल्सन?"

विल्सन तिच्या बहिणीचा नवरा. त्याला गेम फुकट दिला होता. बोकड उडतो, होडी मागे जाते, आणि जेवायला काय आहे, एवढंच त्याचं मत होतं.

"फुकटचं मिळालं की कदर राहत नाही," मिल्तोन म्हणाला.

"म्हणजे पैसे दिले ते आंधळे आणि नाही दिले ते बेकदर. मग निवाडा करायला उरलं कोण?"

"मी," मिल्तोन म्हणाला. "मी कुठे एक पेसो भरलाय?"

अनाईने खिडकीतून खाली पाहिलं. जिथे त्याची मोटरसायकल उभी असायची, तिथे आता नुसता तेलाचा डाग होता. मोटरसायकल पहिल्याच वर्षी गेमच्या पोटात गेली होती.

"बरं," ती म्हणाली. "शेवटचा प्रसंग मी काल बदललाय. तू खेळ. एक जरी खोट दिसली, तर दोन महिने थांबायचं."

"आणि नाही दिसली तर शुक्रवारी. मग तोंडातून ब्र काढायचा नाही. खोट काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही, सांगून ठेवतो."

त्याने पडदा जवळ ओढला. पडदा अनाईच्या मावशीचा, जुना, चालू आहे की बंद ते दाखवणारा खालचा हिरवा दिवा केव्हाच गेलेला. दुपारच्या झोपेची वेळ होती. अनाईने खिडकी लावून घेतली, चपला काढल्या आणि त्याच्याशेजारी बसून पाय टेबलाखाली लांब केले.

रखवालदार जिना चढला. त्याने काडी ओढली, वात गाठली. आणि सगळा काळोख झाला.

फक्त लाटांचा आवाज येत राहिला.

मिल्तोन पुढे झुकला. मग हळूहळू मागे टेकला.

"मिल्तोन?"

"गप्प बस जरा," तो कुजबुजला. "दिवा पेटवला, आणि अंधार. अगं, जो उजेड देतो, त्यालाच काही दिसत नाही! हे तुला सुचलं?" त्याने काळ्या पडद्याकडे बोट दाखवलं. "तीन वर्षं मी हेच म्हणायचा प्रयत्न करत होतो."

"जरा लांबतंय, नाही?"

"लांबू दे. छातीवर बसलं पाहिजे."

"मग खोट?"

"खोट? यातली एक लाट जरी हलवलीस ना, तर याद राख." त्याने मनगटाने डोळे पुसले. "धर्मबापांना हे कळायचं नाही. त्यांना बोकडच आवडायचा."

अनाई खाली वाकली. मघाशी पायाच्या अंगठ्याने ओढून काढलेली पडद्याची पिन तिने बोर्डात परत खोचली.

पडदा उजळला. दीपस्तंभाचा दिवा छान पेटलेला होता. त्याच्या उजेडात बोकड समुद्रावर चारी पाय वर करून तरंगत होता, आणि होडी मागे मागे जात रखवालदाराच्या स्वयंपाकघरातून आरपार निघाली होती.

मिल्तोनने पडद्याकडे पाहिलं. मग टेबलाखाली. मग तिच्या अनवाणी पायांकडे. खाली दुकानात कोणीतरी टायरमधली हवा सोडली. ती बराच वेळ सुटत राहिली.

"शुक्रवारचं…" तो घसा साफ करत म्हणाला.

"दोन महिने."

"दोन महिने," तो म्हणाला.

अनाईने टेबलाच्या कडेचा, आता थंडगार झालेला तुंबा उचलून त्याच्यापुढे सरकवला.

"घे," ती म्हणाली. "पहिला आहे. बनवणाऱ्याचा."