हॉकिन्स आणि कांदेपोहे

“हॉकिन्स म्हणजे नुसता देवळातला खांब,” जयराज म्हणाला. “गोल न्हाई, गोलचा पास न्हाई. उभा आपला मधेच.”

प्रियदर्शनीने पाण्याची बाटली कठड्यावर आपटली. “मग खांब काढून बघा. छप्पर कुणाच्या डोक्यावर येतंय ते.”

कराडमधल्या त्या घराच्या गच्चीवर दोघांना बोलायला म्हणून पाठवलं होतं. मुलगी बघायचा कार्यक्रम. खाली पोहे झाले, खीर झाली, चहा झाला, मग जयराजचे मामा म्हणाले, “पोरांना जरा मोकळं बोलू द्या.” वर आल्यावर नोकरी, पुण्यातलं घर वगैरे चटकन उरकलं. मग निघालं की दोघंही इंग्लंडच्या एकाच फुटबॉल टीमचे चाहते. झालं! आनंद व्हायचा राहिला बाजूला, चांगलीच जुंपली. आणि कुणावरून, तर त्या टीममध्ये अमेरिकेहून आलेल्या हॉकिन्स नावाच्या मिडफिल्डरवरून. हे दोघं सोडले तर त्या गल्लीत त्याला कुणी ओळखत नसेल.

जयराज खाली बसला होता तेव्हा ‘आपण’, ‘आपलं’ करत छापील बोलत होता. आता तापल्यावर साताऱ्याची बोली आपोआप बाहेर पडली.

“आवं, शनवारची मॅच बघितली का? लय पळला गडी. पण केलं काय?”

“समोरच्या टीमचा दहा नंबरवाला, गोल करणारा, दिसला का तुम्हाला?”

“न्हाई. तो कुठं खेळला?”

“खेळूच दिलं न्हाई त्याला. ते कुणी केलं?”

जयराज गडबडला. पण लगेच हार मानेल तर तो सातारकर कसला! “त्याचा दिवस नव्हता,” तो म्हणाला.

“दर मॅचला समोरच्याचाच दिवस नसतो व्हय?”

प्रियदर्शनी स्वतः कॉलेजच्या टीममध्ये हॉकिन्सच्याच जागी खेळायची, त्यामुळे तिला जरा जास्तच झोंबत होतं.

“हे बघा,” जयराज म्हणाला, “माणूस दिसायला तर पायजे. दिसलाच न्हाई तर त्यानं केलंय असं म्हणायचं कसं?”

मुलगा तिला आवडला होता. भांडत होता, पण तिच्या तोंडाकडे बघून भांडत होता. म्हणूनच हे वाक्य तिला लागलं. ज्याला राबणारं माणूस दिसतच नाही त्याच्या घरात जन्म काढायचा? काय तो निकाल आत्ताच लागू दे, असं तिने ठरवलं.

“पोहे कसे होते?” तिने विचारलं.

“एक नंबर. तुमीच केलेले ना?”

“मी न्हाई केले.”

खाली बशी पुढे करताना तिच्या वडिलांनी, नाथाजींनी, छाती फुगवून सांगितलं होतं, “सगळं आमच्या प्रियानंच केलंय बरं का.” तशी पद्धतच आहे. मुलीकडच्यांनी सांगायचं आणि मुलाकडच्यांनी मान डोलवायची.

“वहिनीने केले,” ती म्हणाली. “खीरही तिचीच. ही साडीसुद्धा तिनेच नेसवली. मी नुसता ट्रे आणला आणि कौतुक माझं झालं. वहिनी दिसली का तुम्हाला?”

जयराजने आठवून बघितलं. स्वयंपाकघराच्या पडद्यातून पाण्याचा तांब्या देणारा, बांगड्या घातलेला एक हात. बाकी काहीच आठवेना.

“जा, सांगा खाली,” ती म्हणाली. “मुलीकडचे खोटं बोलले म्हणा. फिसकटलं तर फिसकटू दे.”

दोघं जिना उतरून आले. वरची वादावादी खाली ऐकू गेलीच होती. नाथाजींचं तोंड उतरलं होतं. एवढं चांगलं स्थळ हातचं जातंय की काय, या धास्तीने चहासुद्धा तसाच राहिला होता.

“काय रं, भांडलास का काय?” जयराजच्या आईने, मंगलबाईंनी, विचारलं.

जयराज बसला नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून म्हणाला, “वहिनी, पोहे झकास झालेते.”

मामा उगाचच पंख्याकडे बघायला लागले. नाथाजींच्या कपाळावर घाम आला. पडदा हलला आणि संयोगिता, घरची सून, ओल्या हातांनी दारात उभी राहिली. आपलं काय चुकलं, हे तिला कळेना.

मंगलबाई खो खो हसल्या. “आवं, माझ्या बघायच्या टायमाला बी पोहे भावजयीनंच केलंवतं! कोन बोललं न्हाई, एवढंच. बोलवा की त्यांस्नी भाईर. बसू द्या आमच्यात.”

नाथाजींचा जीव भांड्यात पडला. पण बसवायचं कुठं? रिकामी खुर्ची नव्हती. जयराजने आपली खुर्ची पुढे सरकवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. संयोगिता खुर्चीच्या कडेवर बसली, पदराला हात पुसत. सगळे तिच्याकडेच बघायला लागले.

“मीठ जरा कमी पडलंवतं,” ती म्हणाली.

नाथाजींनी मुलीकडे बघून भुवया उंचावल्या. मुलगा पसंत आहे का, हे सगळ्यांसमोर विचारायची त्यांची हिंमत होत नव्हती.

“आबा, रविवारी मॅच हाय,” प्रियदर्शनी म्हणाली. “ह्यांना बोलवा बघायला. आणि पोहे ह्यांनाच करू द्या.”

जयराजचे कान लाल झाले. हॉकिन्सबद्दल काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. खाली वाकून त्याने हळूच विचारलं, “वहिनी, मीठ किती घालायचं?”