कमी भरलेल्या गोळ्या

वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीचं छत कोसळून पाठ मोडल्यापासून हार्लन वेदनाशामक गोळ्यांवरच उभा राहत होता. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नियमाप्रमाणे त्याच्या डबीत उरलेल्या गोळ्या मोजून डबी टेबलावर आपटली. "एवढ्या कमी? विकता की मुठीने खाता? आजपासून बंद!" हार्लनने शेजारी बसलेल्या मुलाकडे, कोल्बीकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत राहिला. बाहेर गाडीपाशी कोल्बी पुटपुटला, "बाबा, व्यसन आजार असतो. माझ्या हातात नसतं." "पाठ मोडणं माझ्या हातात होतं? आणि आत खरं बोलायला कुठला आजार आडवा आला रे? जा, 'मी चोरल्या' म्हण!" कोल्बी गाडीत बसला, धुरळा उडवत निघून गेला. हार्लन काठी रोवत, कण्हत पुन्हा आत गेला. "चोर माझाच मुलगा आहे, बाई. नाव लिहून घ्या." बाईंनी मानही वर केली नाही. "सगळे हेच सांगतात, हार्लन."