खिडकीतला समुद्र

"तुझ्या खिडकीतून समुद्र बघायला चार दिवस येऊ का?" अकोल्याहून मित्राने, ठोसरांनी विचारलं होतं. पाध्ये मास्तरांनी सहा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. रत्नागिरीतल्या त्यांच्या खिडकीतून दिसायचं एसटी स्टँड; समुद्र त्यांनी पत्रांपुरता रचला होता.

सहलीला आलेली ठोसरांची मुलगी आज घरी आली आणि थेट खिडकीशी गेली.

"काका, समुद्र कुठे आहे हो?"

"इथून दिसतच नाही." मास्तरांना लाजसुद्धा वाटली नाही. सहा वर्षांत तीही संपली होती.

ती हसली. "बाबा म्हणालेच होते, स्टँडच दिसत असणार. प्रत्येक पत्रात हॉर्नची तक्रार असायची ना! त्यांना तुमच्याशी बोलायचंय, काका. अजून पोस्टमनची वाट बघतात."

संध्याकाळी मास्तरांनी पेटीत कार्ड टाकलं: 'ये. खिडकीतून एसटी स्टँड दिसतं. तू उतरलास की तूही दिसशील.'