डोलकाठीवरचा खलाशी

कुरकुरणारे गुडघे सांभाळत थिएटरचा ऑपरेटर लोखंडी जिना चढून प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये आला. कादंबरीवरून काढलेला तोच जुना समुद्री साहसपट तो तीस वर्षं लावत आला होता, पण सिनेमा असा त्याने कधी पाहिलाच नव्हता. रीळ बदलायची खूण पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात उमटते, म्हणून नजर कायम तिथेच. त्या कोपऱ्यात डोलकाठीवर एक खलाशी पाठमोरा बसून जमीन शोधत असे.

आज त्याचं तोंड केबिनकडे होतं.

मध्यंतरात ऑपरेटरने डोअरकीपरला विचारलं, "तो वरचा खलाशी शेवटी उतरतो का रे?"

"कादंबरीत तरी नाही. बदली आल्याशिवाय उतरायचं नाही, असा कप्तानाचा हुकूम. आणि बदली काही येत नाही. काका, तुम्ही घरी जाऊन पडा जरा."

"आणि इथे कोण बसणार, तुझा सासरा?"

मध्यंतरानंतर पुन्हा खूण उमटली. डोलकाठी रिकामी होती.

मागे जिना वाजला. एक पायरी, मग दम खाणं. पुन्हा एक पायरी. केबिनमध्ये खारा, ओला वास पसरला. रीळ चुकेल म्हणून ऑपरेटरने मागे पाहिलं नाही.

"उठा आता," थकलेला आवाज कानाशी म्हणाला. "तुमची बदली आलीय. माझी जागा वर रिकामीच आहे."