पाण्यात खांब नसलेला पूल

खाडीवरच्या नव्या पुलाच्या उद्घाटनाला सगळं गाव लोटलं होतं. दोन उंच मनोऱ्यांवरून पंख्यासारख्या उतरलेल्या पांढऱ्या तारा बघून लोक हरखले होते. चांगुणा कोळीण मात्र कठड्यापाशी उभी राहून खाली पाण्याकडे बघत होती. जुन्या पुलाच्या खांबावर होडी आपटून तिचा मुलगा हरेश तिथंच बुडाला होता.

"पाण्यात एकपण खांब नाय?" तिनं शेजारच्या इंजिनीयर मुलीला विचारलं.

"नाही, मावशी. सगळा भार या तारांवर. होड्यांना वाट मोकळी राहावी म्हणूनच असा बांधला."

"पयले असा बांधता येत नव्हता?"

मुलगी हळूच म्हणाली, "येत होता, मावशी."

चांगुणानं पुन्हा खाली पाण्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती खाडीलाच शिव्याशाप देत आली होती.