झाकलेले बटण

सोमवार, दिनांक नऊ जून रोजी सकाळी अकरा वाजता खैरवाडी आरोग्य केंद्रात नव्या ॲपची चाचणी सुरू झाली. केंद्राच्या डॉक्टरबाईंनी ते आज मंजूर केले नाही, तर ते बनवणाऱ्या शार्दूल बेलसरेची वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार होती.

आशासेविका इंदुमतीताईंनी फोनवरच्या अर्जात गरोदर महिलेचे नाव आणि वजन लिहून मान वर केली. "दादा, आता पाठवायचं कुठून?"

"खाली बटण आहे की, ताई!"

"खाली तर कीबोर्ड आहे."

"मग तो घालवा. मागे जायची खूण दाबा."

ताईंनी ती दोनदा दाबली. कीबोर्ड गेला आणि त्यापाठोपाठ भरलेला अर्जही गेला. बाकीच्या सेविका पदर तोंडाला लावून हसल्या. शार्दूलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्याकडे हे शंभर वेळा चाललंय!" असे म्हणत त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर फोनची हुबेहूब प्रतिकृती होती. दहा बोटांनी त्याने झरझर अर्ज भरला. बटण तळाशी ठळक दिसत होते.

ताई वाकून पाहत होत्या. "दादा, तुम्ही लॅपटॉपची बटणं बडवताय. तुमच्या पडद्यावर कीबोर्ड येणार कशाला?"

शार्दूलने लॅपटॉपवरची बोटे उचलली. वर्षभरात त्याने एकही अर्ज हातात फोन घेऊन भरला नव्हता.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "ॲप आज नामंजूर. आधी एक अर्ज स्वतः फोनवर अंगठ्याने भरा, मग या."